करंट बिल वाढलं, पण वीज जाते कुठे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बिल वाढलं की पहिला संशय मीटरवर जातो, मग रीडिंग घेणाऱ्यावर आणि शेवटी घरातल्या मुलांच्या मोबाइल चार्जरवर. चार्जरला महिन्याला एखाद-दुसरं युनिट लागतं, त्यामुळे त्याच्यावरून मुलांना बोलण्यात अर्थ नाही. साठ, सत्तर, शंभर युनिटं वाढतात तेव्हा कोणाच्या नजरेस न पडता काहीतरी रात्रंदिवस चालू असतं, आणि ते शोधायचं साधन मीटरवरच आहे. मीटरचा तो छोटा लाल दिवा कसा वाचायचा हे पहिल्या उत्तरात सविस्तर दिलं आहे. पुढची बहुतेक उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत, म्हणून ते सगळ्यांनीच वाचावं.

प्रश्न : आमचं झिरो बिल यायचं. दोन महिन्यांपूर्वी थोडे पैसे भरावे लागले आणि आता २१४ युनिटचं पूर्ण बिल आलं. घरात माणसं तीच, वस्तू त्याच. बिलातलं कन्नड नीट कळत नाही. शोध कुठून सुरू करावा?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आधी बिल, मग मीटर आणि शेवटी घर. हा क्रम पाळला नाही तर नवा फ्रीज घेऊन होतो आणि बिल तिथंच राहतं.

बिलावरचे पाच-सहा कन्नड शब्द ओळखता आले तरी पुरे. ‘हिंदिन’ म्हणजे मागचं रीडिंग, ‘इंदिन’ म्हणजे आजचं. कानाला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून घोळ होतो. ‘बळके’ म्हणजे वापर, ‘बड्डी’ म्हणजे व्याज, ‘ओट्टु’ म्हणजे एकूण, ‘बाकी’ आपलीच. इंदिनमधून हिंदिन वजा केलं की बळके यायला हवं. मग मीटरसमोर उभं राहा. पडद्यावर तारीख, व्होल्टेज, लोड असे आकडे आळीपाळीनं येतात. त्यातला ‘केडब्ल्यूएच’ लिहिलेला आकडा तो आपला. हा आकडा बिलातल्या इंदिनपेक्षा थोडा पुढं असला पाहिजे. मागं असेल तर रीडिंगच चुकलंय. लगेच फोटो काढा आणि हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या भागातल्या वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसला जा, बाकीचा शोध करायची गरज नाही.

मग दिवस मोजा. मागच्या बिलात १५० युनिटं ३० दिवसांची असतील आणि या बिलातली २१४ युनिटं ३६ दिवसांची, तर रोजचा वापर ५ वरून सहाच्या जवळ गेला, एवढंच. वाढ आहे, पण दिसते तेवढी नाही. घराला कुलूप असल्यानं एखाद्या महिन्यात सरासरीनं बिल निघालं असेल, तर पुढच्या महिन्यात सगळी युनिटं एकदम येऊन पडतात. वर्षातून एकदा सुरक्षा ठेवीचा हिशेब होतो. ठेव साधारण दोन महिन्यांच्या बिलाएवढी लागते, कमी पडली तर फरक बिलात लावतात. त्यामुळे रक्कम वाढते, युनिटं वाढत नाहीत. म्हणून दोन महिन्यांची तुलना कधीही रुपयांत करू नका. रोजची युनिटं काढा आणि तीच ताडून बघा.

तुमची उडी एवढी मोठी का दिसते, याचं कारण गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत आहे. २०२२-२३ या आर्थिक वर्षात तुमचा महिन्याचा जो सरासरी वापर होता, त्यात १० टक्के मिळवून तुमची मोफत मर्यादा ठरली आहे. सरासरी ११० असेल तर मर्यादा १२१. वापर १३५ झाला तर वरच्या १४ युनिटांचे पैसे. पण वापर २०० च्या वर गेला की सवलत त्या महिन्यापुरती पूर्ण जाते आणि सगळ्याच युनिटांचे पैसे भरावे लागतात. २०२५-२६ च्या ५ रुपये ८० पैसे या दरानं २१४ युनिटांचे १२४१ रुपये होतात, आणि स्थिर आकार, अधिभार, कर हे वेगळे. कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या बिलाशी ताडून बघू नका. तिकडं महावितरणचे शंभर, तीनशे, पाचशे असे टप्पे आहेत. कर्नाटकात एप्रिल २०२४ पासून घरगुती वापराला एकच दर आहे. इथं खरी पायरी २०० ची.

आता मीटर. घरातली सगळी बटणं बंद करा. फ्रीज, इन्व्हर्टर, सेटटॉप बॉक्स, वायफाय यांची पिनं काढून ठेवा. मेन स्विच मात्र चालूच राहू दे. आता मीटरवरचा लाल दिवा बघा. तो कायम पेटलेला असो की कायम विझलेला, दोन्ही ठीक. लुकलुकता कामा नये. दोन-तीन मिनिटं तरी थांबा, कारण गळती लहान असेल तर ब्लिंक मिनिटभरानंसुद्धा येतो.

लुकलुकत असेल तर किती वीज जाते ते जागच्या जागी काढता येतं. मीटरवर ‘३२०० आयएमपी/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. त्याचा अर्थ ३२०० ब्लिंक झाले की एक युनिट. अशा मीटरवर ११२५ ला दोन ब्लिंकमधल्या सेकंदांनी भागा, उत्तर वॅटमध्ये येतं. १६०० चा मीटर असेल तर २२५० ला भागा. मोबाइलच्या घड्याळावर दहा ब्लिंकचा वेळ घेऊन दहानं भागलं की चूक कमी होते. समजा सगळं बंद असताना ३२०० च्या मीटरवर दर ९ सेकंदांना ब्लिंक आला, तर १२५ वॅट कुठंतरी चाललेत. दिवसाला ३ युनिटं, महिन्याला ९०. तुमच्याकडची बहुतेक वाढ एवढ्यातच सापडेल.

आता डीबीमधले, म्हणजे घरातल्या मेन पेटीतले, एमसीबी (एकेका लाईनचे छोटे स्विच) एकेक करून खाली ओढा. जो खाली ओढल्यावर ब्लिंक थांबतो, त्या लाईनवर चोर आहे. शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांत एमसीबी नसून किटकॅट फ्यूज असतात. तिथं आधी मेन बंद करायचा, एक किटकॅट काढायचा, मेन लावून मीटर बघायचा. पायात कोरड्या चपला हव्यात आणि हात कोरडे. सगळे फ्यूज काढूनही ब्लिंक येत असेल तर शेवटी मेनच बंद करा. तरीही दिवा लुकलुकत असेल तर दोष मीटर आणि मेनच्या मधल्या वायरीत, मीटरमध्ये किंवा दुसऱ्या उत्तरात सांगितलेल्या न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीच्या, भानगडीत आहे. तिथं स्वतः हात घालू नका. मीटरचं सील तोडणं हा विद्युत कायदा २००३ खाली गुन्हा आहे, मग तुमचा हेतू कितीही सरळ असो.

आणि सगळं बंद केल्यावर दिवा शांत राहिला तर गळती नाही, एखादी वस्तूच जास्त खाते. पहिली तपासायची ती फ्रीज, कारण तो कधी बंद होत नाही. फक्त फ्रीज चालू ठेवा आणि दोन तास मीटरवर लक्ष द्या. १९० लिटरचा साधा फ्रीज चालू असताना १०० ते १२० वॅट घेतो, म्हणजे ३२०० च्या मीटरवर दहा सेकंदांना एक ब्लिंक. कंप्रेसर मध्येमध्ये थांबला पाहिजे. दोन तासांत एकदाही थांबला नाही तर दाराचं रबर बघा. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. कुठंही सहज निसटून आली तर तिथून थंडावा बाहेर जातो. रबर कोमट पाण्यानं पुसून बघा, बऱ्याचदा दुधाचे, लोणच्याचे ओघळ सुकून ते चिकटत नसतं. बर्फाचा थर बोटाच्या पेरापेक्षा जाड झालेला, मागच्या जाळीवर धूळ, भिंतीला टेकवलेली पाठ, ही बाकीची कारणं. यातलं काहीच नसेल आणि तरी तो थांबत नसेल तर थर्मोस्टॅट किंवा गॅस.

प्रश्न : आम्हा दोघा भावांची वाटणी झाली, एका घराचे दोन भाग झाले, थोरल्यांनी आणि मी वेगवेगळे मीटर घेतले. तेव्हापासून दोघांचीही बिलं वाढली. मी आठवडाभर गावाला गेलो होतो, मेन बंद होता, तरी माझा मीटर फिरलेला. आमच्या वायरवर कोणी आकडा टाकलाय का? यावरून घरात वाद होऊ लागलेत.
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आकडा कोणी टाकलेला नसावा. वर्णनावरून दोन्ही घरांचं न्यूट्रल एक झालेलं दिसतं. जुन्या घराचे दोन भाग करताना वायरमन फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, वेगळा करतो, पण न्यूट्रलची जुनी वायर दोन्हीकडं तशीच राहून जाते. दिवे लागतात, पंखे फिरतात, म्हणून कोणाला काही कळत नाही.

आपल्याकडचे इलेक्ट्रॉनिक मीटर फेजमधून जाणारा करंट मोजतात तसा न्यूट्रलमधून परत येणाराही मोजतात आणि दोन्हींत जो जास्त, त्यावर युनिटं लावतात. चोरी पकडण्यासाठी ही सोय आहे. आता तुमच्या घराचा हिशेब मांडून बघा. तुमच्याकडं २ अँपिअर चाललेत, भावाकडं ६. दोन्ही मिळून ८ अँपिअर परत जाताना न्यूट्रल एक असल्यामुळे दोन मीटरांत वाटले जातात, साधारण चार-चार. तुमच्या मीटरला फेजमध्ये २ दिसतात आणि न्यूट्रलमध्ये ४, तो ४ लावतो. भावाचा मीटर ६ आणि ४ बघून ६ लावतो. खरा वापर ८ चा, बिल १० चं. दोन जादा अँपिअर कोणीच वापरलेले नाहीत. तुमचा मेन एकाच बाजूनं तोडणारा असेल, म्हणजे फक्त फेज तोडत असेल, तर तुम्ही गावाला असतानाही भावाचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून जात राहतो आणि मीटर चालतो. दोष कोणाच्याच दानतीत नाही, तो एका जुन्या जॉइंटमध्ये आहे.

खात्री करायला मीटरवर ‘ईएल’ किंवा ‘अर्थ’ लिहिलेला दुसरा दिवा किंवा पडद्यावरची तशी खूण बघा. फेज आणि न्यूट्रलमधला करंट जुळत नसला की ती दिसते. तुमच्याकडचं सगळं बंद असताना ती खूण दिसली आणि भावानं गीझर लावल्याबरोबर तुमचा लाल दिवा जोरानं लुकलुकायला लागला, तर दुसरा पुरावा नको.

दुरुस्ती लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. दोन्ही घरांना फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे डबल पोल मेन बसवायचे. दोन्ही मेन खाली असताना तुमच्या घराच्या न्यूट्रल पट्टीपासून भावाच्या न्यूट्रल पट्टीपर्यंत मल्टिमीटर लावायचा. बीप वाजला म्हणजे आत कुठंतरी दोन्ही जोडलेले आहेत. मग एकेक न्यूट्रल वायर पट्टीवरून सुटी करत जायचं, बीप थांबला की ती वायर सापडली. जॉइंट बहुधा जिन्याच्या टू-वे दिव्यात, सामाईक पंपात, माळ्यावरच्या जुन्या जंक्शन बॉक्समध्ये किंवा इन्व्हर्टरच्या वायरीत सापडतो. इन्व्हर्टर एकाचा आणि त्यावरचा एखादा दिवा दुसऱ्याच्या भागात, हे तर फार ठिकाणी असतं. घरातच माग चालत असतील तर मागाच्या कनेक्शनचं आणि घराचं न्यूट्रलही याच पद्धतीनं तपासून घ्या.

ज्या दिवशी काम कराल त्या दिवशी दोन्ही भाऊ मीटरसमोर उभे राहा. एकाचं सगळं बंद, दुसऱ्याचं चालू, आणि पहिल्याचा दिवा शांत. हे दोघांनी एकत्र बघितलं की वाद तिथंच मिटतो.

प्रश्न : पावसाळ्यात आमचं बिल दरवर्षी चाळीस-पन्नास युनिटांनी वाढतं आणि दिवाळीनंतर आपोआप उतरतं. न्हाणीघराच्या भिंतीला कधीकधी झिणझिण्याही येतात. काही संबंध असेल का?
– एक गृहिणी, खानापूर तालुका

उत्तर : संबंध आहे, आणि ताई, बिलापेक्षा त्या झिणझिण्यांकडं आजच लक्ष द्या. भिंतीत ओल शिरली की जुन्या वायरीच्या तडकलेल्या वेष्टनातून करंट भिंतीत, जमिनीत उतरतो. तुमच्याकडं खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पाऊस चार-चार महिने हटत नाही, भिंती वाळायला सवडच मिळत नाही. अर्धा अँपिअर गळती असली तरी २३० व्होल्टला ती ११५ वॅट होते, महिन्याला ८० च्या वर युनिटं. एवढ्यानं ५ अँपिअरचा फ्यूज काही जळत नाही, म्हणून ती लपून राहते. माणसाचा जीव जायला मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका करंटही पुरतो.

पहिल्या उत्तरातली मीटरची तपासणी भर पावसाच्या दिवशी करा, कोरड्या दिवशी काही सापडणार नाही. लाईन सापडली की बघायच्या जागा ठरलेल्या आहेत : परड्यातला दिवा, गोठ्यात ओढलेली वायर, पत्र्याला घासून गेलेली केबल, बोअरच्या केबलचा टेप गुंडाळलेला जॉइंट आणि न्हाणीतला गीझर.

गीझरची एक गोष्ट वायरमनसुद्धा विसरतात. त्याचा स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असेल तर बटण बंद केलं तरी आतलं एलिमेंट जिवंतच राहतं. एलिमेंटला तडा गेला असेल तर बंद गीझरमधून दिवसभर करंट अर्थमध्ये जात राहतो. बटण बंद करून गीझरच्या दोन्ही टर्मिनलला वायरमनकडून टेस्टर लावून घ्या. दिवा पेटला तर वायरी उलट्या आहेत.

वायरमनला मेगर, म्हणजे वायरीचं वेष्टन तपासायचं यंत्र, घेऊन यायला सांगा. ५०० व्होल्टच्या मेगरनं प्रत्येक लाईन अर्थशी तपासायची. एक मेगाओहमच्या खाली आलेली लाईन बदलायची, टेप लावून भागवायचं नाही. आणि मेनच्या पुढं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. तेवढी गळती झाली की तो स्वतः पडतो. पावसात तो सारखा पडतो म्हणून काही जण तो काढून वायर सरळ जोडतात. असं कधीही करू देऊ नका. तो पडतो याचा अर्थ घरात कुठंतरी मरण उघडं पडलंय. सगळं होईपर्यंत न्हाणीतली लाईन बंदच राहू दे. अंघोळीचं पाणी बंबावर तापवा.

प्रश्न : आमच्याकडं छतावर २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर आहे, म्हणजे गीझरचा खर्च नाहीच. तरी जुलै-ऑगस्टची बिलं डोळे पांढरे करणारी. का?
– एक वाचक, भाग्यनगर, बेळगाव

उत्तर : टाकीत एक विजेचं एलिमेंट असतं, २ किंवा ३ किलोवॅटचं. ढगाळ दिवसांसाठी ते दिलेलं असतं आणि त्याचा स्विच बहुधा जिन्याच्या वर, येता-जाता न दिसणाऱ्या जागी. जूनमध्ये कोणीतरी तो लावतो आणि सप्टेंबरपर्यंत विसरतो.

२२ अंशांचं २०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला जवळजवळ ९ युनिटं लागतात. तुम्हाला अंघोळीला बादली-बादली मिळून ६० लिटर गरम पाणी लागत असेल, पण एलिमेंट अख्खी टाकी तापवतं, रात्रीत ती निवते, सकाळी पुन्हा तापते. रोज पूर्ण ९ युनिटं नाही गेली, निम्मी गेली, तरी महिन्याला १३५.

स्विच खाली घरात आणा आणि त्यावर लाल इंडिकेटर बसवा. पहाटे एक तास चालेल असा टायमर लावा, थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणा. त्याहून बरं म्हणजे पावसाळ्यात सोलरचं एलिमेंट पूर्ण बंद आणि न्हाणीत १५ लिटरचा वेगळा गीझर. २० अंशांचं १५ लिटर पाणी ६० पर्यंत तापवायला पाऊण युनिट पुरतं, कारण जेवढं लागतं तेवढंच तापतं. अथणी-चिक्कोडीकडच्या जड पाण्यात एलिमेंटवर क्षार बसतात. क्षारामुळे बिल वाढतं असं सगळे सांगतात, पण पाण्यात बुडालेल्या एलिमेंटची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. नुकसान होतं ते एलिमेंट जास्त तापून तडकतं म्हणून. वर्षातून एकदा ते काढून साफ करावं ते यासाठी.

प्रश्न : घरच्या बोअरवर १ एचपीची सबमर्सिबल आहे. पूर्वी हजार लिटरची टाकी २५ मिनिटांत भरायची, आता ७० मिनिटं लागतात. त्याचा बिलावर किती फरक पडेल आणि बिघाड कशात असेल?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : १ एचपीची मोटर चालू असताना साधारण १.१ किलोवॅट ओढते. पूर्वी एका टाकीला अर्ध्या युनिटाला थोडी कमी वीज लागत होती, आता १.३ युनिट लागते. दिवसातून एकदा टाकी भरत असाल तर महिन्याला २५ युनिटं जादा, दोनदा भरत असाल तर ५०.

बिघाड ओळखायला पॅनेलवरचा अँपिअरचा काटा बघा. मोटर बसवली तेव्हाचा आकडा मेकॅनिकनं पॅनेलच्या दारात लिहिलेला असतो, तो आताच्याशी ताडा. अँपिअर पूर्वीइतकेच पण पाणी कमी, तर बोअरमधल्या पाइपला भोक किंवा सॉकेट ढिला. पाणी वर न येता आतच पडतं. अँपिअर कमी आणि पाणीही कमी, पाण्याबरोबर हवा थुंकल्यासारखी येते, तर बोअरची पातळी खाली गेलीय. मोटर कोरडी चालवू नका, आणखी दोन पाइप सोडता येतात का ते विचारा. इंपेलर झिजले असतील तरी पाणी कमीच येतं, पण त्यात हवा नसते. अँपिअर वाढलेत आणि मोटर गुणगुणते, तर कपॅसिटर, वाळू अडकणं किंवा कमी व्होल्टेज. रनिंग कपॅसिटर मोजून घ्या. त्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून कमी भरला तर बदला, याच्याइतकी स्वस्त दुरुस्ती पंपात दुसरी नाही. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरत असेल तर टाकी पहाटे भरा. कमी व्होल्टेजला मोटर जास्त अँपिअर ओढते आणि तापते, त्या तापण्यात गेलेल्या विजेचेही पैसे आपणच भरतो.

पंप बंद केल्यावर लगेच पाइपला कान लावा. पाणी सळसळत खाली जात असेल आणि पुढच्या वेळी पाणी यायला मिनिटभर लागत असेल, तर नॉन रिटर्न व्हॉल्व गेलाय.

पंप ठीक पण दिवसातून चार वेळा ऑटोवर लागतो, असं असेल तर पाणी घरात गळतंय. संडासाच्या फ्लश टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाका आणि पंधरा मिनिटं कोणी वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर बदला.

प्रश्न : इन्व्हर्टरमुळे बिल वाढतं का? आमची बॅटरी पाच वर्षांची आहे.
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : चांगली बॅटरी एकदा भरली की इन्व्हर्टर थोडेच वॅट घेतो. बॅटरीतला एक सेल मेला की ती भरल्याचा निरोप इन्व्हर्टरला कधी जातच नाही. तो रात्रंदिवस चार्ज करत राहतो, २०० वॅटपर्यंत, म्हणजे दिवसाला पावणेपाच युनिटं. बॅटरी हाताला गरम लागते, पाणी दर पंधरवड्याला घालावं लागतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. हायड्रोमीटरनं, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायच्या नळीनं, सहाही सेल बघा. भरलेल्या बॅटरीत १.२४ ते १.२६ आकडा यावा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ नं खाली असेल तर बॅटरी बदलायला झाली. वास येत असेल तर खोलीची दारं-खिडक्या उघडा आणि तिथं काडी ओढू नका.

प्रश्न : सॉकेटला लावलं की ३० टक्के वीज वाचते अशी डबी बाजारात मिळते. घ्यावी का?
– एक वाचक, हिंडलगा

उत्तर : घेऊ नका. आत एक छोटा कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटरनं पॉवर फॅक्टर सुधारतो, पण घरगुती बिल किलोवॅट-तासावर निघतं, पॉवर फॅक्टरवर नाही. बिलात एक पैशाचाही फरक पडत नाही. त्याच पैशात ७५ वॅटच्या जुन्या पंख्याच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा घ्यायला थोडी भर टाका. रोज १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागं महिन्याला १६ युनिटं खरोखर वाचतात.

प्रश्न : वरचं सगळं तपासून झालं, कुठंच काही नाही. मीटरच जोरात पळतोय असं वाटतं. सिद्ध कसं करायचं?
– एक वाचिका, हिंदवाडी, बेळगाव

उत्तर : आधी घरी करून बघा. १००० वॅटचा हीटिंग रॉड भरल्या बादलीत सोडा, घरातलं बाकी सगळं बंद. रॉडची पिन लावायच्या आधी तो पाण्यात हवा, आणि पाण्याला हात लावायच्या आधी पिन काढलेली हवी. ३२०० च्या मीटरवर २३० व्होल्टला ४० ब्लिंक ४५ सेकंदांत झाले पाहिजेत. मीटरच्या पडद्यावर व्होल्टेजही दिसतं, ते नक्की बघा. २१० व्होल्ट असेल तर तोच रॉड साडेआठशेच्या आतच वॅट घेतो आणि ४० ब्लिंकना ५४ सेकंद लागतात. हे ध्यानात न घेता मीटर सावकाश आहे किंवा जोरात आहे म्हणणं चुकीचं ठरेल. रॉडच्या वॅटमध्येही थोडं कमी-जास्त असतं, म्हणून पाच-दहा टक्क्यांच्या फरकाला महत्त्व देऊ नका. ४५ ऐवजी ३० सेकंद आले, आणि दुसऱ्या एखाद्या वस्तूवरही तेच दिसलं, तर पुढं जा.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आणखी एक तपासणी. तुमचा मेन बंद केल्यावर तुमच्या आरआर नंबरचाच, म्हणजे बिलावरच्या तुमच्या कनेक्शन क्रमांकाचाच, मीटर थांबतो का, हे खाली जाऊन बघा. दोन फ्लॅटच्या वायरी मीटर बोर्डावर अदलाबदल झालेल्या असतात आणि वर्षानुवर्षं शेजारी एकमेकांची बिलं भरतात.

मीटर तपासून मिळण्यासाठी सेक्शन ऑफिसात लेखी अर्ज द्या, आरआर नंबर आणि मागची सहा बिलं जोडा, तपासणीची फी भरा आणि पोच घ्या. तक्रार १९१२ वरही नोंदवता येते. तिचा क्रमांक अर्जावर लिहून ठेवा. तिथं दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तपासणीसाठी जुन्या मीटरच्या ओळीत एक चेक मीटर लावतात आणि काही दिवसांनी दोन्हींची युनिटं ताडून बघतात. चेक मीटर लावताना आणि काढताना, दोन्ही वेळा दोन्ही मीटरांचे रीडिंग एकाच फोटोत येईल असा फोटो काढा, आणि लाईनमनच्या कागदावर सही करण्याआधी त्यातले आकडे त्या फोटोशी जुळवून बघा.